कासव, मांजर आणि बाकी तीन

ताईस सा. न.

तुझं पत्र परवा मिळालं. ‘मुलं रंगीत ठोकळे ओढून पडद्यावर मांजर नाचवतात, त्यात गणित कुठं आलं?’ असं तू विचारलंस. नुसतं मांजर नाचवण्यात गणित नाही, हे मलाही मान्य आहे. म्हणूनच माझ्या पाचवीत काय घडलं ते कळवते.

समभुज त्रिकोण काढायचा होता. आदल्याच दिवशी मुलांनी कोनमापकानं तिन्ही कोन मोजले होते, त्यामुळे ६० अंश डोक्यात पक्के. स्क्रॅच या ठोकळ्यांच्या संगणकभाषेत त्यांनी ‘३ वेळा कर’ या ठोकळ्याच्या पोटात ‘१०० पावलं चाल’ आणि ‘६० अंश वळ’ बसवलं नि हिरवा झेंडा दाबला. त्रिकोण काही मिटेना. उमटला तो अर्धा षटकोन! मी उत्तर सांगितलं नाही. व्हरांड्यात खडूनं मोठा त्रिकोण आखला आणि एकीला रेघेवरून चालवलं. कोपऱ्यावर ती नाकासमोर बघत थांबली, मग वळली, आणि वळता वळताच ओरडली, “बाई, मी तर केवढी वळले!” आतला कोन ६०, पण वळायचं १२०. असं तीनदा वळलं की एक गिरकी पुरी, ३६०.

मग काय, चौकोनाला ९०, पंचकोनाला ७२. सप्तकोनाशी गाडी अडली. ३६० भागिले ७, भागाकार ५१, बाकी ३. मुलांनी ५१च घातले. शेवटची रेघ सुरुवातीच्या टोकाला टेकेना, बारीकशी फट राहिली. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, “बाई, ही बाकी आहे.” इतकी वर्षं मी फळ्यावर बाकी लिहीत आले, ताई, पण ती अशी डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती.

चालून बघायची युक्ती माझी नव्हे. सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. तिच्यातल्या, सांगू तसं चालून रेघा काढणाऱ्या कासवाला वाट सांगताना अडलं, की स्वतःच कासव होऊन चालून बघायचं, असं पॅपर्ट सांगत. २००७ साली एमआयटीतून आलेलं स्क्रॅच त्याच घराण्यातलं.

तुझी शंका अगदीच पोकळ नाही. इंग्लंडमध्ये नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांना दोन वर्षं स्क्रॅचमधून गणित शिकवून पाहिलं. २०१८च्या अहवालानुसार मुलांची संगणकीय विचार करण्याची क्षमता वाढली, गणिताच्या परीक्षेत मात्र फरक दिसला नाही. म्हणून माझ्या वर्गात पाढे आणि वहीतली उदाहरणं तशीच चालू आहेत. पण लाल फुली दिसली की पान उलटणारी हीच पोरं पडद्यावरची चूक पुसायला तयार नसतात. ती का झाली, हे त्यांना शोधायचं असतं. त्यासाठी मी ठोकळे सोडणार नाही.

स्क्रॅच फुकट मिळतं आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. तुमच्या शाळेतला संगणक दुरुस्त होईपर्यंत व्हरांडा आणि खडू आहेतच. त्रिकोण मोठा आख, म्हणजे मुलांना वळणं नीट जाणवेल.

तुझी,
धाकटी