पगार ६५ टक्के, काम पूर्ण

एम.एस्सी. झाल्यावर परदेशात पीएच.डी. करायची म्हणजे आधी प्रवेश मिळवायचा आणि मग शिष्यवृत्ती शोधायची, असं मी धरून चाललो होतो. अमेरिकेतल्या विज्ञानशाखांत बहुधा विभागच प्रवेश देतो, फी माफ करतो, स्टायपेंड देतो. प्रयोगशाळा नंतर ठरली तरी चालते. जर्मनीत बऱ्याचदा उलट असतं. प्राध्यापकाकडे प्रकल्पाचा पैसा येतो, जागेची जाहिरात निघते आणि आपण चक्क नोकरीचा अर्ज करतो. मी मात्र सगळीकडे एकच पत्र धाडत होतो. त्यात विज्ञानाची ओढ होती, गुण होते, सेमिनारचं बक्षीस होतं. मला वेस्टर्न ब्लॉट स्वतःच्या हाताने करता येतो का, तेवढं नव्हतं. जाहिरातीत नेमकं तेच विचारलेलं असायचं.

तरीही जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेने ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं. जागा ई-१३ वेतनश्रेणीची, ६५ टक्के. मी भाबडेपणाने विचारलं, उरलेल्या ३५ टक्के वेळात दुसरं काही काम केलं तर चालेल का? पडद्यावरची मंडळी एकमेकांकडे बघून हसली. तिथे जीवशास्त्रात असे करार सर्रास असतात: पगार ६५ टक्के, काम पूर्ण. ही रीत मला आजही पटत नाही. पण मुलाखतीला बसण्याआधी ती ठाऊक असायला हवी होती.

खरा फटका ब्रिटनमध्ये बसला. जाहिरातीत 'फी आणि स्टायपेंड' दिसलं आणि मी पुढे वाचलंच नाही. निवड झाल्याचं घरी सांगितलं, पेढे वाटून झाले. मग ऑफर लेटर नीट वाचलं. फी मिळणार होती ती तिथल्या विद्यार्थ्यांच्या दराने. परदेशी विद्यार्थ्याची फी त्याच्या कितीतरी पट, आणि वरचा फरक आमचा आम्ही भरायचा. बाबा म्हणाले, "पीएफमधून काढू." ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच रात्री नकार कळवला.

शिफारसपत्रांचंही तसंच. विभागप्रमुखांचं पत्र वजनदार वाटलं म्हणून घेतलं. सरांना माझी हजेरी तेवढी माहीत. प्रोजेक्टच्या मॅडमनी मला प्रथिन शुद्ध करताना महिनोन्‌महिने हरताना पाहिलं होतं, त्यांना विचारायचा मला संकोच वाटला.

पुढच्या हंगामात त्यांनाच विचारलं. पत्रातही पहिल्याच परिच्छेदात ते हट्टी प्रथिन घातलं. मुलाखतीत निम्मा वेळ त्यावरच गेला; बक्षिसाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.