मराठवाड्याची पायपीट : बिनसमुद्राचं बेट

श्रावणी शनिवार, देवगिरी

काल पाणचक्की आणि बीबी का मकबरा पाहून झाला. आज शहराबाहेर पडलो. मध्यवर्ती बसस्थानकावरून कन्नडची एसटी पकडली. छावणी ओलांडली, मिटमिटा गेलं आणि शरणापूर फाट्याच्या पुढे माणसांची रांगच लागली. भद्रा मारुतीला निघालेली मंडळी होती ही. श्रावणातल्या शनिवारी शहरातून खुलताबादपर्यंत चालत जायचा इथला शिरस्ता. बरेचजण रात्रीच निघतात. आत्ता सकाळी त्यांचे पाय जड झाले होते. काहींनी चपला हातात घेतल्या होत्या आणि कडेने कुणी ना कुणी केळी, चहा वाटत होतं. दौलताबादच्या दिल्ली दरवाजात एसटी अडकली ती अडकलीच. हमरस्ताच किल्ल्याच्या जुन्या वेशीतून जातो. एका वेळी एकच गाडी कशीबशी निघते. ड्रायव्हर शांत होता, प्रवाशांना मात्र दम नव्हता. आम्ही तिथेच उतरलो.

बरोबर भाचा आहे. अलिबागला वाढलेला, त्यामुळे किल्ला म्हटलं की त्याला आधी पाणी दिसतं. कुलाबा, खांदेरी, जंजिरा हे त्याचे किल्ले. मराठवाड्यात किल्ला काय बघायचा, असा त्याचा चेहरा कालपासून होता.

महाकोटाच्या दरवाजांतून आत गेलो. दरवाजे एकासमोर एक नाहीत, वळणं घेत येतात. हत्तीला धाव घेऊन धडक मारता येऊ नये म्हणून फळ्यांवर टोकदार खिळे. डावीकडे हत्ती हौद, श्रावणातही पूर्ण न भरलेला. त्याच्या पुढे भारतमाता मंदिर. मुळात ही खिलजींच्या काळातली मशीद, तिचे खांब त्याहून जुन्या देवळांचे, आणि 1948 च्या पोलीस कारवाईनंतर आत भारतमातेची मूर्ती आली. एकाच चौकात उभं राहून एवढा सगळा इतिहास अंगावर येतो, की पर्यटक फोटो काढून पटकन पुढे सरकतात. आम्हीही सरकलो. समोर चांद मिनार, बहामनी सुलतानांनी पंधराव्या शतकात उभारलेला. वर चढू देत नाहीत.

चिनी महालापाशी थोडं थांबलो. भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांचे तुकडे अजून शिल्लक आहेत. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशहा याला औरंगजेबाने 1687 नंतर इथे कैदेत ठेवलं, आणि मरेपर्यंत, म्हणजे बारा वर्षं, तो इथेच राहिला. त्याच्या थोडं वर, बुरुजावर मेंढा तोफ. तोफेच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे, म्हणून हे नाव. भाच्याने मेंढ्याच्या शिंगांवरून हात फिरवला आणि पहिल्यांदा म्हणाला, "मामा, हे भारी आहे." मग तो कठड्याशी गेला, खाली वाकला आणि बराच वेळ बोललाच नाही.

खाली खंदक. पावसाने भरलेला, हिरवट पाण्याचा. आणि पाण्यातून सरळ वर गेलेला कातळ. हा कडा निसर्गाने दिलेला नाही. डोंगराचं खालचं अंग सगळीकडून तासून उभं केलंय, भिंतीसारखं गुळगुळीत. कुठे बोट रोवायलाही खाच नाही. सुमारे दोनशे मीटर उंचीचा डोंगर, आणि त्याच्या कमरेभोवती माणसाने छिन्नी चालवून त्याला जमिनीपासून तोडलंय. इथून थोड्या कोसांवर वेरूळला कारागिरांनी असाच बसाल्ट वरून खाली कोरत कैलास काढला. तिथे दगड काढून देऊळ उरलं, इथे दगड काढून बेट उरलं.

"हा जंजिराच की," भाचा म्हणाला.

खंदकावर आता लोखंडी पूल आहे. त्याच्या खाली जुना दगडी पूल दिसतो, मधोमध उतरत गेलेला. पाण्याची पातळी वाढवली की तो बुडायचा आणि गडाची वाट बंद. पलीकडे गेलं की अंधारी. कातळातून वर चढणारा वळणावळणाचा बोगदा, उंच-सखल पायऱ्या, आणि वटवाघळांचा असा वास की डोळ्यांतून पाणी यावं. मशालवाला पुढे, आम्ही मागे. एका ठिकाणी त्याने मशाल विझवली आणि म्हणाला, "आता सांगा, कुठं जायचं?" डावीकडून उजेडाची तिरीप येत होती. भाच्याने तिकडे पाऊल टाकलं तसा मशालवाल्याने त्याचा दंड धरला. "तिकडं गेलं की खाली खंदकात. शत्रू उजेडाकडंच पळतो ना दादा." बोगद्याच्या वरच्या तोंडावर लोखंडी झाकण होतं; त्यावर विस्तव पेटवला की वाट बंद आणि आत धूर.

बाहेर आलो तर भुरभुर पाऊस सुरू झालेला. पायऱ्या निसरड्या. उतारभर सीताफळीची झाडं, बारकी हिरवी फळं धरलेली. दसरा-दिवाळीला हीच दौलताबादची सीताफळं शहरात पाट्यांनी येतात. गणपतीच्या छोट्या देवळाशी एका नांदेडच्या आजीने पाण्याची बाटली पुढे केली. "घे बाबा, वर काहीच मिळत न्हाई." तिचं म्हणणं पुढे दिवसभर डोक्यात राहिलं.

बारादरीत पोचलो. शाहजहानच्या काळातली वास्तू. तीन बाजूंनी वारा आणि चौथ्या बाजूला सेल्फी घेणारं कॉलेज. इथून अख्खा परिसर दिसतो: चांद मिनाराचं लालसर टोक, तटबंदीचे पदर, वेरूळकडची डोंगररांग आणि रस्त्यावर मुंग्यांसारखी भद्रा मारुतीची वाट धरलेली माणसं. इथे बसून मी भाच्याच्या जंजिऱ्याचा विचार करत होतो. जंजिरा सिद्दींकडून कुणालाच घेता आला नाही. संभाजीराजांनी 1682 मध्ये खाडीत दगडांची भर घालत वाट काढायला घेतली होती, तरीही नाही. देवगिरी मात्र हातोहात गेला. यादव, खिलजी, तुघलक, बहामनी, निजामशाही, मोगल, पुढे हैदराबादचा निजाम. इतका अभेद्य किल्ला, आणि इतके धनी!

माझ्या मते उत्तर त्या आजीपाशी होतं. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी आला तेव्हा युवराज सैन्य घेऊन बाहेर गेलेला. ज्याच्या राज्यात सहाच वर्षं आधी ज्ञानेश्वरी पुरी झाली, तो रामदेवराय गडावर चढून बसला. कातळ अल्लाउद्दीनला चढता आला नाही, आणि त्याला चढायची गरजही पडली नाही. घाईत वर नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं अशी कथा आहे. खरी असो नसो, शरणागती खरी. पुढे 1633 मध्ये मोगल सरदार महाबतखानाने सुरुंग लावून बाहेरचे कोट फोडले. बालेकिल्ल्याचा कडा तेव्हाही कुणी चढलं नाही. आत उपासमार झाली आणि फतेहखानाने किल्ला देऊन टाकला. समुद्रातल्या बेटाला रात्री-अपरात्री होडी येऊन लागते, तांदूळ उतरतो. इथला खंदक शत्रूला अडवतो तसा गाडाही अडवतो.

भाच्याला हे पटलं नाही. "मग तुघलकाने दिल्ली सोडून राजधानी इथे कशाला आणली?" 1327 मध्ये त्याने आणली खरी, देवगिरीचं दौलताबाद केलं, आणि पुढे माणसं परत दिल्लीला गेली. मोरक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे येऊन गेला. गडाच्या तळघरातल्या कैद्यांजवळ मांजरांहून मोठे उंदीर असतात, असं त्याने लिहून ठेवलंय. भाचा हसला आणि वाद तिथेच राहिला.

माथ्यावर तोफ आहे, वारा आहे आणि जनार्दनस्वामींची गुहा आहे. जनार्दनस्वामी या गडाचे किल्लेदार आणि एकनाथांचे गुरू. नाथ पैठणहून इथे आले, गुरूंपाशी राहिले. आत पादुका आहेत. तोफांच्या, सुरुंगांच्या सगळ्या गोष्टी ऐकून झाल्यावर इथे चौघेजण शांतपणे हरिपाठ म्हणत बसले होते. त्यातला एकजण पैठणचाच निघाला. तो म्हणाला, "आमचे नाथ इथलेच विद्यार्थी."

उतरायला चढण्याहून जास्त वेळ लागला, गुडघ्यांमुळे. 1629 मध्ये निजामशहाच्या दरबारात लखुजी जाधवरावांना याच किल्ल्यात दगा झाला. जिजाऊंचे वडील. खालच्या कोटांत नेमकं कुठे ते दाखवणारी पाटी मला दिसली नाही, असायला हवी.

तळाला चहा-भजी खाऊन काळी-पिवळी धरली. कागजीपुऱ्यात हातकागदाचे ताव वाळत घातलेले दिसले असते, पण पाऊस होता. खुलताबादला भद्रा मारुतीची रांग रस्त्यापर्यंत आलेली. निजलेल्या मारुतीचं दर्शन बाहेरूनच घेऊन औरंगजेबाची उघडी कबर पाहिली, आणि मग मुद्दाम मलिक अंबरच्या घुमटाकडे गेलो. तिथे आमच्याखेरीज कुणी नव्हतं. हबसाणातून गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा आधार झाला. दौलताबादचा बाहेरचा अंबरकोट त्याच्याच नावाचा. तो 1626 मध्ये गेला. सातच वर्षांनी किल्ला मोगलांच्या हाती देणारा फतेहखान त्याचाच मुलगा. जंजिऱ्याचे सिद्दीही मूळचे हबशीच. भाच्याने हे ऐकलं आणि आता अलिबागला गेल्यावर जंजिरा परत बघायचा म्हणाला.

मुक्काम वेरूळला. खोलीत पंखा आहे, मच्छर त्याहून जास्त आहेत. उद्या रविवार, कैलासाला गर्दी होणार, म्हणून दरवाजा उघडताच सोळा नंबरला जायचं आणि सीतेच्या न्हाणीचा धबधबा शेवटी ठेवायचा असं ठरलंय. भाचा गुडघ्याला मलम लावतोय. वय वीस.