वसईची घंटा आणि सोपाऱ्याची ठेव

नाशिक येथे पंचवटीत, गोदावरीच्या काठी नारोशंकराचे मंदिर आहे. तेथील प्रचंड घंटा पोर्तुगीज बनावटीची असून, चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला जिंकला त्या विजयाची ती खूण मानली जाते. गोदेचा पूर किती चढला हे नाशिककर या घंटेवरून सांगतात. घंटा मात्र समुद्रकाठची.

वसईचा तो कोट आज भग्न आहे. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने हा मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि पुढे दोनशे वर्षे त्यांच्या उत्तर प्रांताचा कारभार येथून चालला. आता तटाच्या आत छप्पर गेलेली चर्चे आणि झाडी उरली आहे. व्यापार केव्हाच मुंबईकडे वळला.

या कोटाच्या उत्तरेस काही मैलांवर त्याहून कितीतरी प्राचीन बंदर होते. ते शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारे. तेथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखले जाणारे टेकाड खणले, तेव्हा किल्ल्याऐवजी स्तूप निघाला. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी सोपाऱ्यात सापडला.

जैन परंपरेला सोपारे परके नाही. बारा वर्षांच्या दुष्काळात तेथील श्रेष्ठी जिनदत्त व त्याची पत्नी ईश्वरी यांनी लक्ष मुद्रा मोजून थोडे धान्य मिळवले आणि त्या अखेरच्या अन्नात विष कालवून जीवनयात्रा संपवण्याचे ठरवले. त्याच वेळी गोचरीस आलेल्या आचार्य वज्रसेनसूरींनी त्यांना थांबवले. धान्याची गलबते उद्याच येतील, असे सांगितले. गलबते आली. पुढे त्या कुटुंबाने दीक्षा घेतली. नागेंद्र, चंद्र, निवृत्ती आणि विद्याधर या चार पुत्रांच्या नावांनी चार कुळे प्रसिद्ध झाली. तिजोरी भरलेली असूनही जहाज न आल्यास श्रेष्ठीदेखील उपाशी, हे बंदराचे सत्य या कथेत आहे.

सोपाऱ्याचा माल थळघाटाने नाशिककडे चढे. त्या संबंधाची साक्ष पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी नहपानाचा जावई उषवदात याने शूर्पारकासह चार नगरांत धर्मशाळा बांधल्या. नाशिकजवळच्या गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे त्याने ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. २,००० वर दरमहा शेकडा एक, तर १,००० वर दरमहा शेकडा पाऊण व्याज ठरले. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे, ही अट. मोठ्या ठेवीचे वार्षिक व्याज २४० होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ दिल्यास हिशेब तंतोतंत जुळतो. निगमसभेत हा करार वाचून त्याची नोंदही झाली.

राजाचा जावई विणकरांवर विश्वास टाकतो आणि सभा त्याला साक्षी राहते. या पेढीला तट लागला नाही. वसईचा तट मात्र व्यापार राखू शकला नाही.

आगाशीला मुनिसुव्रतस्वामींच्या दर्शनास जाणाऱ्या कुटुंबांच्या वाटेवरच सोपारे लागते. तेथे तासभर थांबावे आणि नाशिकला येणे झाले, की दहाव्या लेण्यातील तो करार मुलांना अवश्य दाखवावा.