नऊ ताटल्या आणि एक

आमच्या घरात स्टीलच्या नऊ ताटल्या होत्या आणि नऊही ताटल्यांवर आजोबांचंच नाव घातलेलं होतं. नातवंडं नऊ, म्हणून ताटल्या नऊ. नावं घालणाऱ्यानं विचारलं होतं म्हणे, "बाई, पोरांची नावं सांगा." आजी मिशनच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. ती म्हणाली, "पोरं मोठी होतात, पोरी सासरी जातात. ताटल्या इथंच राहायच्यात. यांचंच नाव घाला." आजोबांना जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

या ताटल्या दर मे महिन्यात नगरहून महाबळेश्वरला जायच्या.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी देवळात उपासना संपत आली, की पाळकसाहेब जाहिराती वाचायचे. अमक्याचा विवाह, तमक्याचा बाप्तिस्मा, आणि सगळ्यांत शेवटी मुलांचं उन्हाळी शिबिर. मग सायक्लोस्टाईल केलेला कागद घरी यायचा. त्याचा शाईचा वास आम्हाला अजून सांगता येईल. अंथरूण-पांघरूण, स्वेटर, बॅटरी, साबण, ताटली, वाटी, पेला, पवित्र शास्त्र. खाली अधोरेखित केलेली सूचना : प्रत्येक वस्तूवर नाव असावे. आमच्या वस्तूंवर नाव होतंच. फक्त ते १९६६ साली वारलेल्या माणसाचं होतं.

सगळ्यांना शिबिराला जाता यायचं नाही. वय कमी असेल किंवा घरात पैशांची ओढाताण असेल, तर देवळाच्या आवारातली व्हीबीएस. रोज सकाळी दहा ते बारा, कडुलिंबाखाली, सतरंजीवर. सुट्टीतल्या या बायबल शाळेची सुरुवात १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये एका बाईंनी केली. गल्लीत मोकाट हिंडणाऱ्या मुलांसाठी त्यांनी चक्क बिअरचा गुत्ता भाड्यानं घेतला होता. हे आजीला कुणी कधी सांगितलं नाही ते बरंच झालं. कफ सिरपच्या बाटलीवरचं बारीक छापलेलं वाचूनच ती ते आम्हाला द्यायची.

आम्ही भावंडं पाळीपाळीनं गेलो, १९७१ ते १९८६ या काळात. एका वेळी चार, कधी सहा. त्यामुळे आमच्या आठवणीही जोडून घ्याव्या लागतात आणि जोड बसत नाही. दादाच्या शिबिरात पसरणीच्या घाटात निम्मी एसटी ओकली होती. ताईच्या शिबिरात कुणीच ओकलं नव्हतं. दोघं एकाच गाडीत होती. आवळासुपारीची डबी मात्र दोघांनाही आठवते, आणि घाट संपताना खिडकीतून आत आलेला गार वाराही. नगरच्या मे महिन्यातून निघालेल्या मुलांना तो वारा अंगावर घ्यावा की खिडकी लावावी हेच कळायचं नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १३७२ मीटरवर आहे हे भूगोलात पाठ केलेलं होतं. अंगाला ते कळलं स्वेटरची बटणं लावताना.

मिशनचा जुना बंगला. लांब व्हरांडा, लाल माती, पत्र्यावर पडणारी जांभळं. मुलींची अंथरुणं आत, मुलांची व्हरांड्यात. पहाटे घंटा. गार पाण्यानं तोंड धुवायचं, मग एकेकट्यानं झाडाखाली बसून पवित्र शास्त्र वाचायचं. त्याला 'शांत वेळ' म्हणत. शांत वेळेत आमच्यापैकी निम्मे बसल्या बसल्या झोपत आणि उरलेले करवंदं शोधत. मग उपमा, मग गीतं, मग धडा, मग पाठांतर. जेवणाआधीची प्रार्थना कुणाला सांगितली जाते यावर भात गरम मिळणार की गार ते ठरायचं. एक सर होते, त्यांनी डोळे मिटले की आम्ही उघडून आमटीकडे बघत असू.

रात्री जेवणानंतर 'सापडलेल्या वस्तूं'चा कार्यक्रम. दिवसभरात कुठं कुठं पडलेले मोजे, साबणदाण्या, पेले पुढे आणून ठेवत. वस्तू हवी असेल तर सगळ्यांसमोर गाणं म्हणायचं किंवा वचन पाठ म्हणायचं. सर ताटली उचलून आजोबांचं नाव पूर्ण वाचायचे, आडनावासकट, आणि आम्ही चार-पाच जण एकदम उभे राहायचो. शिबिरातल्या निम्म्या मुलांना वाटायचं की आमच्यातल्याच कुणाचं तरी ते नाव आहे. एका वर्षी एका नव्या बाईंनी हजेरीत ते नाव पुकारलं. दादानं 'हजर' म्हटलं.

वचन म्हणायची पाळी आली की आमचं ठरलेलं होतं, योहान ११:३५. मराठीत अवघे दोन शब्द. पहिल्या वर्षी हसू, दुसऱ्या वर्षी ताकीद, तिसऱ्या वर्षी ते वचन बाद. मग ११७वं स्तोत्र शोधून काढलं, त्यात दोनच ओव्या आहेत. पवित्र शास्त्रात लहानात लहान काय आहे याचा एवढा अभ्यास पाळकसाहेबांनीही केला नसेल.

शाळेत आम्ही प्रत्येक जण वर्गातला एकटा ख्रिश्चन होतो. नगरमध्ये आपली माणसं खूप, तरी वाट्याला आलेल्या वर्गात एखादाच. रेव्हरंड टिळकांची 'केवढे हे क्रौर्य!' शिकवताना गुरुजींनी कवीचं नाव घेतलं की पन्नास माना आमच्याकडे वळायच्या, जणू तो पक्षी आमच्याच परसात पडला होता. तुम्ही घरी इंग्रजी बोलता का? तुमचा देव इंग्रजांचा ना? नाताळचा केक आणशील का? या शेवटच्या प्रश्नाचा राग नव्हता. पण आमच्या घरी नाताळला करंज्या, शंकरपाळे आणि अनारसे व्हायचे आणि ते सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडायचा. शिबिरातले दहा दिवस हे कुणी विचारायचं नाही. तिथं आम्ही काहीच विशेष नव्हतो. ते सुख काय असतं हे ज्याला दहा महिने वर्गाचा एकमेव नमुना म्हणून बसावं लागलंय त्यालाच कळेल.

अर्थात भांडायला कारणं तिथंही होती. १९७०च्या नोव्हेंबरात नागपूरला वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. मोठ्यांनी सह्या केल्या, आणि शिबिरात आम्ही अमेरिकन मिशनची आणि एसपीजी या अँग्लिकन मिशनची पोरं पहिल्यांदा एका सतरंजीवर आलो. प्रार्थना करू या म्हटलं की एसपीजीची पोरं गुडघ्यावर जायची आणि आम्ही बसल्या जागी मान खाली घालायचो. मग एकमेकांकडे बघून ती बसायची आणि आम्ही गुडघ्यावर. ऐक्य व्हायला तीन-चार दिवस लागायचे.

खरी फट दुसरीकडे होती. शहरातली पोरं नर्सची, शिक्षकाची, कारकुनाची. काही इंग्रजी माध्यमातली. त्यांना हातवारे करून म्हणायची गाणी यायची. राहुरी, शेवगाव, पाथर्डीकडून आलेल्या पोरांना ती यायची नाहीत. पण एका रात्री कीर्तन असायचं आणि त्या रात्री पारडं फिरायचं. नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी १८६०च्या दशकातच कीर्तन आपलंसं केलं. आमच्या शिबिरात यायचे ते बुवा म्हातारे, आवाज फाटलेला, उधळ्या पुत्राचं आख्यान लावायचे. ढोलकीवर खेड्यातला पोरगा, टाळ खेड्यातल्या पोरींच्या हातात. आम्हाला सम सापडायची नाही. बापाचं घर सोडून गेलेला पोरगा दुष्काळात डुकरं राखतो आणि त्यांच्या शेंगांनी पोट भरावंसं त्याला वाटतं, इथं डुकरं म्हटल्यावर आम्ही हसलो. ती हसली नाहीत.

हे १९७३ सालचं. त्याच्या आदल्या वर्षी पाऊस गेला तो गेलाच होता. जिल्हाभर दुष्काळी कामं निघालेली, माणसं खडी फोडत होती आणि पोरं सुकडी खात होती. त्या वर्षी शिबिरात खेड्यातल्या मुलांना फी माफ केली होती, म्हणून ती नेहमीपेक्षा जास्त आली. त्यांत पाथर्डीकडची एक मुलगी होती. ताईच्या शेजारी तिचं अंथरूण, म्हणजे एक घोंगडी. तिची ताटली जर्मनची होती, कड चेपलेली, पाठीवर खिळ्यानं टिंबं ठोकून तीन अक्षरं काढलेली.

ताटली धुतलेलं पाणी ती फेकायची नाही. व्हरांड्याजवळ गुलाबाची दोन झाडं होती. ती जेवण झालं की ताटली विसळायची, ते पाणी त्यांच्या बुंध्याशी ओतायची आणि पुन्हा रांगेत यायची. तिला असं करायला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिच्यामागं सात-आठ मुली उभ्या होत्या, त्यांत ताई.

आणि ते शब्दांविना पुस्तक. पाच रंगांची पानं, एकही अक्षर नाही. लंडनचे धर्मोपदेशक स्पर्जन यांनी १८६६ साली तीन पानांचं सांगितलेलं, सोनेरी पान पुढं अमेरिकेतल्या मूडींनी घातलं आणि हिरवं आणखी नंतर आलं. काळं म्हणजे पाप, लाल म्हणजे रक्त, पांढरं म्हणजे शुद्ध झालेलं मन, सोनेरी म्हणजे स्वर्ग, हिरवं म्हणजे वाढ. बाईंनी काळं पान वर धरून विचारलं, "हे बघून काय आठवतं?" उत्तर सगळ्यांना माहीत होतं. तेवढ्यात पाथर्डीकडची ती मुलगी म्हणाली, "रान." बाईंना कळलं नाही. ती म्हणाली, "आमचं रान असं हाये. काळं." बाई जरा थांबल्या आणि पान उलटलं.

आमच्यातली मधली रंगानं सगळ्यांत सावळी. तिनं त्या दिवसापासून काळं पान हातात धरायला नकार दिला. लंडनच्या धुक्यात सुचलेलं पुस्तक दख्खनच्या पोरांना दाखवताना त्या पानाचा विचार कुणीतरी करायला हवा होता, असं मला अजून वाटतं. बाई चांगल्या होत्या. पुस्तक त्यांच्या हाती आलं तसं त्यांनी उघडलं.

सहली, पॉइंट, वेण्णा तलाव हे सगळं झालं, पण आठवतो तो आर्थर सीट. कड्यावरून हलकी वस्तू खाली टाकली की वारा ती वर आणून देतो. दादानं टोपी टाकली, परत आली. त्याला मग मोजा टाकून बघायचा होता.

शेवटच्या रात्री शेकोटी. एकेकानं काटकी घ्यायची, आपली चूक बोलायची, काटकी विस्तवात टाकायची. रडणं व्हायचं. मोठ्या मुली आधी, मग त्यांना बघून लहान. दादा सहा शिबिरांना गेला. १९७६पर्यंत त्याच्या खऱ्या चुका सांगून संपल्या होत्या, तेव्हा त्यानं न चोरलेला मुरंबा चोरल्याचं कबूल केलं. घरी आल्यावर आजीनं बरणी तपासली, ती भरलेली. खोटं बोलल्याबद्दल त्याला शिक्षा झाली, आणि पुढच्या वर्षीची काटकी मिळाली.

१९७३ला परत आल्यावर आजीनं पडवीत वळकट्या सोडल्या आणि भांडी मोजली. आठ ताटल्या स्टीलच्या, नववी जर्मनची. त्या काळात स्टीलची ताटली म्हणजे गंमत नव्हती. "हे काय?" ताई म्हणाली, "बदलली." बदलली गेली की तू बदललीस, हे आजीनं विचारलं नाही. तिनं जर्मनची ताटली चिंचेनं घासली आणि बाकीच्या आठांत ठेवून दिली.

आता दादा म्हणतो, ताईनं दिली. मधली म्हणते, सामान बांधताना अंधार होता, घाई होती. सगळ्यांत तपशीलवार हकीकत धाकटी सांगते : व्हरांड्याचा कुठला कोपरा, कुणी काय म्हटलं, सगळं. ती तेव्हा दोन वर्षांची होती आणि नगरलाच होती. ताई ऐकून घेते आणि वाढायला लागते.

ती मुलगी पुढच्या वर्षी आली नाही. पाऊस झाला होता, रानात काम असणार. आजी त्या मे महिन्यात शिबिराच्या गाडीपर्यंत आली होती, एरवी यायची नाही. पाथर्डीची मुलं चढेपर्यंत थांबली आणि मग घरी गेली.

आजोबांचं नाव घातलेली एक ताटली तिकडे कुठंतरी आहे, किंवा होती. कुणी जेवताना ते नाव वाचलं असेल, हे कोण म्हणून विचारलं असेल. आमच्याकडची ताटली ताईच्या घरी दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून असते. टिंबं झिजली आहेत. पहिलं अक्षर 'शा' आहे की 'रा' यावर मागच्या नाताळला पुन्हा वाद झाला. धाकटीच्या मुलीनं ताटली उजेडात धरली, बोट फिरवून बघितलं आणि ही पणजीच्या मैत्रिणीची आहे असं तिच्या लहान भावाला सांगून टाकलं. आम्ही सहा जण तिथं होतो. कुणी दुरुस्त केलं नाही.