चिंधी पांढरी निघेपर्यंत

बीडचा आहे म्हटलं की पुण्यातली पोरं हमखास विचारतात, "तुमच्याकडे घरोघरी बंदूक असते का रे?" डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांची चर्चा राज्यभर पोचली, तेव्हापासून हा प्रश्न जास्तच येतो. घरोघरी नसते. पण पालीत, बिंदुसरा धरणाच्या गावात, माझ्या मामाकडे एक होती. ३१५ बोअरची रायफल, रीतसर परवान्याची.

मामा फौजेतून निवृत्त. रायफल जुनी, दुसऱ्या परवानाधारकाकडून घेतलेली. आधीच्या मालकानं वरचं लाकूड चकचकीत ठेवलेलं, नळी मात्र आतून चुलीवरच्या पातेल्यासारखी. गोळी सुटली की जळालेल्या दारूची काजळी नळीत बसते. पुढची गोळी त्याच थरावरून जाते, उष्णतेनं आणि दाबानं तो आणखी घट्ट होतो. चेंबरच्या पुढे, जिथं आटे सुरू होतात, तिथली काजळी सगळ्यात चिवट. नुसत्या तेलानं ती निघत नाही, वरून चमकते फक्त.

मामाची पद्धत ठरलेली. आधी रायफल रिकामी आहे का, ते डोळ्यांनी आणि बोटानं, दोनदा बघायचं. मग बोल्ट काढायचा. खिडक्या उघड्या, कारण सॉल्व्हंटचा वास डोक्यात जातो. रॉड नेहमी मागून घालायचा. गोळी शेवटची जिथून सुटते ती तोंडाची कड रॉडनं घासली गेली, तर नेम कायमचा बिघडतो. सॉल्व्हंटची ओली चिंधी फिरवायची आणि थांबायचं. मग ब्राँझचा ब्रश आरपार, मग कोरडी चिंधी. काळी निघाली की पुन्हा पहिल्यापासून.

"पॉलिश पेपर लावा की," आतेभाऊ म्हणाला.

"कशाला खरडायचं? भिजू दे. काजळी निघंल, पण आटे गेले तर परत येत न्हाईत."

आतेभावाला खरं तर रील काढायचं होतं, खांद्यावर रायफल घेऊन. मामानं हातात चिंधी दिली. "हिचा काढ व्हिडिओ." त्यानं काढला नाही. लग्नात हौसेनं हवेत बार काढला तरी २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हेही मामानं त्याला सांगितलं. तो मोबाईलमध्ये बघत होता.

१ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलमध्ये ४५१.४ गुणांनी ब्राँझ मिळवलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मामा एवढंच म्हणाला, "पोरानं नळी किती येळा पुसली आसंल." ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. आमच्याकडे बंदुकीचा आवाज सगळ्यांना माहीत आहे, तिच्यामागची शिस्त फार थोड्यांना.

पुढे मामानं परवाना परत करायचं ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं. "आता ही घरात आसली की लोक येगळ्या नजरेनं बघत्यात," म्हणाला. जमा करण्याआधी तीन संध्याकाळी तो ओट्यावर बसून नळी साफ करत होता.

"आता कशाला एवढं?" मामीनं विचारलं.

"देताना वस्तू चोख द्यावी."

तिसऱ्या दिवशी चिंधी पांढरी निघाली. त्यानं ती उजेडात धरून बघितली, तेलाचा पातळ हात फिरवला आणि परवान्याचे कागद शोधायला आत गेला.