वैशाखात वितळणारा धातू

गॅलियमचा तुकडा तळहातावर ठेवला की आधी तो निव्वळ धातूच वाटतो, गार, चंदेरी, किंचित निळसर. मग त्याच्या कडा ओलसर होतात, कोपरे मवाळतात, तळाशी चकाकी सुटते, आणि अंगातली जी ऊब एरवी आपल्या ध्यानीमनीही नसते, तीच त्याला आतून पाझरवत जाते, इतकी की बोटं जराशी कलली तरी सगळा तुकडा थरथरत त्या उताराला लागतो.

वितळला.

२९.७६ अंश सेल्सिअस हा त्याचा उंबरठा. थंड मुलुखात त्याला माणसाचा हात लागतो. कोकणातल्या वैशाखात कुपीतल्या कुपीत तो आपसूक पाझरेल. आणि एकदा द्रव झाला की गारवा परतला तरी थिजायची त्याला घाई नसते. त्याचं हे रेंगाळणं मला फार लोभस वाटतं. हात धुतल्यावरही बोटांच्या रेषांत त्याची करडी छटा थोडी मागे राहते.

त्याची वाट आधीपासून पाहिली जात होती. १८७१ मध्ये मेंडेलीव्हनं आपल्या सारणीत अ‍ॅल्युमिनिअमच्या खालचं घर रिकामं सोडलं, न आलेल्या पाहुण्याचं पान मांडून ठेवावं तसं. चार वर्षांनी फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्राँला पिरेनीजमधल्या जस्ताच्या खनिजाच्या वर्णपटात दोन अनोळखी जांभळ्या रेघा दिसल्या. धातू हाती आला, घनता ४.७ भरली. ज्यानं तो डोळ्यांनी पाहिलाही नव्हता त्या मेंडेलीव्हनं रशियातून कळवलं, पुन्हा मोजा, ५.९ च्या आसपास यायला हवी. शुद्ध करून मोजली. तेवढीच आली! हे वाचताना दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो.

वरच्या घरातल्या अ‍ॅल्युमिनिअमशी त्याचं नातं मोठं विलक्षण. बॉक्साइटमधून अ‍ॅल्युमिनिअम काढताना मागे राहिलेल्या द्रावातून तो मिळतो. आणि त्याच अ‍ॅल्युमिनिअमच्या खरवडलेल्या पत्र्यावर त्याचा थेंब टेकवला, तर तो कणाकणांच्या सीमांतून आत झिरपतो आणि भक्कम पत्रा बोटांनी मोडतो.

जांभळ्या रेघांतून ओळख पटलेला हा धातू पुढे निळ्या उजेडाच्याही कामी आला. गॅलियम नायट्राइडच्या स्फटिकांतून निळा एलईडी घडवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. आज घराघरांतला पांढरा उजेड बहुतेक त्या निळ्यातूनच उमलतो.

मला मात्र राहून राहून कॉकेशसमधला बाक्सानचा डोंगर आठवतो. त्याच्या पोटात सुमारे ५० टन वितळलेलं गॅलियम सूर्याची वाट पाहत होतं, जिथे उन्हाचा कवडसाही पोचत नाही तिथे. सूर्याच्या गाभ्यातून निघालेला एखादा न्यूट्रिनो डोंगर भेदून येई आणि गॅलियमच्या एका अणूचा जर्मेनियम होई. टनावारी धातूतून ते मोजके अणू वेचून मोजले, तर अपेक्षेच्या जेमतेम निम्मे भरले. उरलेले न्यूट्रिनो हरवले नव्हते. वाटेत त्यांनी रूप पालटलं होतं, आणि गॅलियमला ओळखता येत होते ते फक्त मूळ रूपातच पोचलेले.