बारा वर्षांची बाटली

मद्याची चव घेऊन तिच्याविषयीं लिहिण्याचा प्रसंग आम्हांवर येईल, असें कधीं वाटलें नव्हतें. आमच्या घरीं दारूचें नांवही काढीत नसत, आणि त्यास कारण होतें. आमचे थोरले मामा त्या वेळच्या धुळें जिल्ह्यांतील अक्राणीच्या डोंगराळ मुलुखांत नोकरीस असतां मोहाच्या पहिल्या धारेच्या नादीं लागले आणि बेचाळिसाव्या वर्षीं गेले. मामींनीं चार घरचा स्वयंपाक करून तीन मुलें वाढविलीं. भाऊबीजेच्या ताटापुढें बसलेल्या मामांच्या तोंडाचा वास आमची आई अखेरपर्यंत विसरली नाहीं.

त्याच मामांचा नातू गेल्या मार्गशीर्षांत एडिंबरोहून रजेवर आला. तेथील हेरियट-वॉट विद्यापीठांत तो मद्यनिर्मितीचें शास्त्र शिकतो. एक बाटली आमच्यापुढें ठेवून तो म्हणाला, "काका, मी रसायनशास्त्र शिकतों एवढेंच आजीला सांगितलें आहे. तुम्ही ही चाखून पाहा, आणि हा धंदा मीं करावा कीं नाहीं तें सांगा."

१९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें महाराष्ट्रांत पिण्यासही परवाना लागतो. तो काढून आम्ही पारोळें-एरंडोल मार्गें जळगांवास एका वृद्ध डॉक्टर स्नेह्यांकडे गेलों. त्यांस या पेयाची पारख आहे, व्यसन नाहीं.

बाटली जॉनी वॉकर ब्लॅक लेबलची होती. १८२० सालीं स्कॉटलंडांतील किल्मार्नॉक गांवीं जॉन वॉकरनें किराणा दुकान थाटलें, त्यांतून हा व्यापार वाढला. निरनिराळ्या मळ्यांचा चहा मिसळावा, तशी निरनिराळ्या भट्ट्यांची व्हिस्की मिसळण्याची विद्या तिकडील वाण्यांनीं जोपासली. मोड आणलेल्या जवाची व्हिस्की अंगानें भारी, इतर धान्यांची हलकी. दोहोंचें मिश्रण तें 'ब्लेंडेड'. स्कॉच म्हणवून घेण्यास ओकच्या पिंपांत निदान तीन वर्षें काढावीं लागतात. तेवढ्यांत दरवर्षीं सुमारें शेंकडा २ भाग हवेंत उडतो. त्यास तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. डॉक्टर हंसून म्हणाले, "आमच्या जळगांवच्या वैशाखांत देवदूत पिंपासकट गिळतील!"

बाटलीवरील १२ हा आंकडा मिश्रणांतील सर्वांत तरुण व्हिस्कीचा असतो. थोरल्यांचें वय धरीत नाहींत. बाटलींत भरल्यावर तें वाढतही नाहीं. रंगावरून वय ताडावें तर तेंही फसवें, कारण जळक्या साखरेचा रंग घालण्यास तेथें कायद्याची मुभा आहे.

नातवानें अरुंद तोंडाच्या पेल्यांत तळ झांकेल एवढीच ओतली. पहिल्या वासास नाक नुसतें झोंबलें. मग त्यानें तितकेंच पाणी घातलें. शेंकडा ४० असलेला मद्यार्क २० वर आला. मिश्रण करणारे जाणकार बहुधा याच बेतानें पारख करतात, आणि तीही जिभेपेक्षां नाकानेंच. आतां मात्र वास उलगडला. कपाशीच्या काड्यांवर बामणोदचीं भरिताचीं वांगीं भाजावीं, तसा तो धूर होता! जव वाळवितांना पीट, म्हणजे दलदलींतून खणून काढलेला कुजक्या वनस्पतींचा थर, जाळतात. त्याचा हा गुण. धुरामागून मनुका आणि संत्र्याची साल आली. घोट घेतला तो आरंभीं गोड, मग चहासारखा किंचित् तुरट. शेवट मात्र लवकर सरला. धुरानें जेवढी आशा लावली तेवढें तोंडांत राहिलें नाहीं.

दोष काढला खरा, पण भय वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. ती आम्हांस आवडली. साठ वर्षें आम्ही मामांस केवळ दुबळ्या मनाचे समजत आलों होतों. हातांत तो पेला असतां तसें म्हणवेना.

दुसरा घोट आम्हीं घेतला नाहीं. नातवास म्हटलें, "माल चांगला आहे, विद्याही खरी आहे. पण आजीपासून लपवून करावयाचें असेल तर करूं नकोस."

दुसऱ्या दिवशीं धुळ्यास आम्ही त्याच्यासह मामींपुढें बसलों. त्यानें सारें सांगितलें. पाणी घालून वास कसा घेतात, तेंही सांगितलें. नव्वदीस आलेल्या मामी पुष्कळ वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "तुझ्या आजोबांनीं कधीं पाणी घातलें नाहीं."

थोड्या वेळानें, तिकडे जेवणाचे हाल होतात का, असें त्यांनीं विचारलें आणि त्या स्वयंपाकघरांत गेल्या. तो होकार होता कीं नकार, हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं. नातू शिकण्यास परत गेला आहे. बाटली डॉक्टरांकडेच आहे.